चोवीस नावं आणि एक किल्ली

मंडळी, आधीच सांगून टाकतो. आजचा लेख फुटबॉलवर आहे, पण तो फुटबॉल आपला नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल, म्हणजे जो मुख्यतः हाताने खेळतात आणि ज्यात चेंडू गोल नसतो. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी "ह्याला फुटबॉल का म्हणतात?" एवढा एकच विनोद मारून वेळ काढला. मग टीममधल्या एका म्हाताऱ्या टेक्सनने एका लंच ब्रेकला मला समोर बसवलं, पेपर नॅपकिनवर रेघोट्या मारून नियम समजावले, आणि माझे रविवार वाया गेले ते गेलेच!

मी राहतो डॅलसला लागून असलेल्या अर्व्हिंगमध्ये. आपली आयटीवाली माणसं इथे इतकी आहेत की इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता निवडताना शेजारून अस्सल पुणेरी टोमणा ऐकू येतो. पण त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की 'डॅलस काऊबॉईज' ही टीम १९७१ पासून २००८ पर्यंत डॅलसमध्ये नव्हे, तर ह्याच अर्व्हिंगमध्ये खेळत होती. टेक्सास स्टेडियममध्ये. त्याच्या छपराला मधोमध भलंमोठं भोक होतं. का, तर देवाला आपली आवडती टीम खेळताना दिसावी म्हणून, असं इथली माणसं अजून सांगतात. ११ एप्रिल २०१० ला ते स्टेडियम सुरुंग लावून पाडलं.

त्या स्टेडियममध्ये प्रेक्षकांच्या डोक्यावर, आतल्या बाजूने गोल फिरणारी एक पट्टी होती आणि त्यावर काही नावं लिहिलेली होती. रिंग ऑफ ऑनर. टीमच्या निवृत्त थोरांची नावं. टीम २००९ मध्ये आर्लिंग्टनच्या नव्या स्टेडियममध्ये गेली तेव्हा ही नावंही बरोबर गेली. आपल्याकडे वानखेडेवर मर्चंट, गावसकर, तेंडुलकर यांच्या नावाचे स्टँड आहेत, साधारण तसंच.

आता अशी पट्टी असली की तिच्याखाली भांडण असणारच. कोण हवा होता, कोण नको होता, कोण राहिला. माझा तो टेक्सन मित्र शांत माणूस आहे. प्रॉडक्शन सर्व्हर कोसळला तरी कॉफी संपवून उठतो. पण "हार्वी मार्टिनचं नाव का नाही?" असं विचारलं की त्याचा आवाज चढतो. हे भांडण मी गेले काही वीकेंड खोदून काढलं. ते मला इतकं का टोचलं ते शेवटी सांगतो. आधी इतिहास.

ही कल्पना टेक्स श्रॅमची. काऊबॉईज १९६० मध्ये सुरू झाली तेव्हापासून तो टीमचा सर्वेसर्वा. २३ नोव्हेंबर १९७५ ला त्याने पहिलं नाव लावलं, बॉब लिलीचं. त्यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं. लिली म्हणजे १९६१ च्या ड्राफ्टमध्ये टीमने निवडलेला पहिलाच खेळाडू, तिथून चौदा सीझन एकाच टीममध्ये. त्याला 'मिस्टर काऊबॉय' म्हणायचे. त्याचं नाव नाही तर कोणाचं?

वादाची सुरुवात पुढच्याच वर्षी. १९७६ मध्ये दोन नावं लागली: डॉन मेरेडिथ आणि डॉन पर्किन्स. मेरेडिथ क्वार्टरबॅक. (क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक चाल सुरू होते तो. जिंकलो तर हिरो, हरलो तर ह्याच्याच नावाने शिमगा.) मेरेडिथने टीमला अजिंक्यपद मिळवून दिलं का? नाही. १ जानेवारी १९६७ ला ग्रीन बे पॅकर्सकडून अंतिम सामना ३४-२७ असा हरला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पुन्हा पॅकर्सच, पुन्हा अंतिम सामना, हाडं गोठवणारी थंडी, आणि शेवटच्या काही सेकंदांत २१-१७ अशी हार. हाच तो प्रसिद्ध 'आईस बोल'. मेरेडिथ १९६९ मध्ये निवृत्त झाला. टीमने पहिलं सुपर बोल जिंकलं ते १९७२ च्या जानेवारीत, स्टॉबॅक क्वार्टरबॅक असताना.

म्हणजे बघा, दुसऱ्याच वर्षी एक प्रथा पडली. इथे नाव लागायला ट्रॉफी लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे टोनी रोमोच्या वेळी कामाला येईल.

मग पट्टीवर यायला काय लागतं? इथेच खरी गंमत आहे. निकष कुठेही छापलेले नाहीत. कमिटी नाही, मतदान नाही, "किमान इतके सीझन" वगैरे अट नाही. ग्रीन बेमध्ये पॅकर्सचं हॉल ऑफ फेम एक वेगळी संस्था चालवते, त्यात दीडशेहून जास्त माणसं आहेत. काऊबॉईजच्या पट्टीवर २०२३ अखेरपर्यंत नावं होती फक्त २४. आणि ती ठरवणारा एका वेळी एकच माणूस. १९८९ पर्यंत टेक्स श्रॅम, त्यानंतर मालक जेरी जोन्स. आपल्या भाषेत सांगायचं तर राईट ॲक्सेस एकाच युजरला, बाकी सगळे रीड ओन्ली!

असं असलं की काय होतं त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे ली रॉय जॉर्डन. १९६३ ते १९७६, चौदा सीझन, बचावफळीचा कणा. १९८३ पर्यंत सहा नावं लागली, त्यात हा नाही. का? इथले जुने लोक सांगतात की जॉर्डन पगाराच्या वाटाघाटीत श्रॅमला भारी पडायचा आणि श्रॅम ते विसरला नाही. श्रॅमच्या मनात नक्की काय होतं ते श्रॅमच जाणे. पण तारखा बोलक्या आहेत. १९८९ मध्ये जेरी जोन्सने सुमारे १४ कोटी डॉलर्सना टीम घेतली, श्रॅमचं राज्य संपलं, आणि त्याच वर्षी जॉर्डनचं नाव लागलं. जोन्सने लावलेलं हे पहिलं नाव.

म्हणजे किल्ली बदलली की इतिहास बदलतो. जॉर्डनने १९७६ नंतर एकही टॅकल केला नव्हता. त्याचे आकडे जिथे होते तिथेच होते.

आणि नियतीचा न्याय पाहा. ज्या श्रॅमने ही पट्टी जन्माला घातली, तो स्वतः आता नव्या मालकाच्या दाराशी उभा. चौदा वर्षं गेली. २००३ मध्ये जोन्सने एकदाचं त्याचं नाव जाहीर केलं. सोहळा पुढे व्हायचा होता, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये श्रॅम वारला. आपलं नाव वर लागलेलं त्याने पाहिलं नाही.

बॉब हेजची गोष्टही अशीच चुटपुट लावणारी. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटर्सचं सुवर्णपदक, वेळ १०.० सेकंद, म्हणजे तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी. पुढच्याच वर्षी हा गडी काऊबॉईजकडून खेळायला लागला. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला अडवायचं कसं? एकास एक माणूस लावून भागेना, म्हणून बाकी टीम्सना मैदानाचे भाग वाटून घेऊन बचाव करायची पद्धत जास्त वापरावी लागली. एका खेळाडूमुळे समोरच्यांची डावपेचांची वही बदलावी लागते, ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असतं? पण निवृत्तीनंतर ड्रग्जच्या केसमध्ये हेज तुरुंगात गेला, आणि त्याचं नाव कोणी काढेना. पट्टीवर नाव लागलं २००१ मध्ये. सप्टेंबर २००२ मध्ये तो वारला, वय ५९. कँटनच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २००९ मध्ये. तोवर सात वर्षं उलटली होती.

आता माझ्या मित्राचा हार्वी मार्टिन. डॅलसचाच पोरगा, १९७३ ते १९८३ काऊबॉईजकडून खेळला. १९७७ च्या सीझनमध्ये तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. जानेवारी १९७८ च्या सुपर बोलमध्ये काऊबॉईजने डेन्व्हरला २७-१० असं धुतलं आणि सामनावीराचा किताब दोघांना विभागून मिळाला: रँडी व्हाईट आणि हार्वी मार्टिन. त्यातल्या रँडी व्हाईटचं नाव १९९४ पासून पट्टीवर आहे. मार्टिनचं २०२३ पर्यंतच्या २४ नावांत नाही.

आता कोणी म्हणेल, आकडे बघा. बघू ना! पण इथे एक गोम आहे. मार्टिनचं मुख्य काम होतं समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी लोळवणं, ज्याला 'सॅक' म्हणतात. आणि सॅकची अधिकृत नोंद लीगने सुरू केली १९८२ मध्ये! मार्टिनची सगळी उमेदीची वर्षं त्याच्या आधीची. म्हणजे ज्या कॉलममध्ये हा माणूस राजा होता, तो कॉलमच टेबलमध्ये नव्हता. नल म्हणजे शून्य नव्हे, हे आपण फ्रेशरला पहिल्या आठवड्यात शिकवतो. इतिहास लिहिताना मात्र विसरतो.

दुसरं कारण सांगतात चारित्र्याचं. मार्टिन निवृत्तीनंतर व्यसनांत बुडाला, कर्जबाजारी झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. मग सावरला, आणि २००१ च्या २४ डिसेंबरला कॅन्सरने गेला, वय ५१. पण चारित्र्य हा निकष म्हणावा तर मायकल आयर्विनचं काय? १९९६ मध्ये त्याची कोकेनची केस देशभर गाजली होती. त्याचं नाव २००५ मध्ये सन्मानाने लागलं. लागायलाच हवं होतं, एमिट स्मिथ आणि ट्रॉय एकमनबरोबर त्या टीमचे तीन खांब होते ते. माझं म्हणणं एवढंच की काटा एक असेल तर तो सगळ्यांना लावा.

एव्हरसन वॉल्सची गोष्ट तर सिनेमा काढावा अशी. १९८१ मध्ये ड्राफ्टमध्ये कोणीच निवडला नाही, तरी टीममध्ये शिरला आणि पहिल्याच सीझनमध्ये प्रतिस्पर्ध्यांचे ११ पास मध्येच पकडून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. पण लोकांच्या लक्षात आहे तो एका फोटोमुळे. १० जानेवारी १९८२, सॅन फ्रान्सिस्को. शेवटचं एक मिनिट उरलेलं. ड्वाईट क्लार्क हवेत उडी मारून चेंडू पकडतोय आणि त्याच्या खाली हात वर करून हतबल उभा आहे तो वॉल्स. काऊबॉईज २८-२७ हरली. त्याच सामन्यात वॉल्सने दोन पास पकडले होते, पण त्याचे फोटो भिंतीवर लावत नाहीत. पुढे २००७ मध्ये ह्याच वॉल्सने आपला जुना टीममेट रॉन स्प्रिंग्ज याला स्वतःची किडनी दिली. काऊबॉईजसाठी ४४ इंटरसेप्शन्स, आणि पट्टीवर २०२३ पर्यंत तरी जागा नाही.

आता येऊ टोनी रोमोवर, कारण लंच टेबलावर पस्तिशीच्या आतली सगळी माणसं ह्याच्यावरून भांडतात. हाही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, २००३ मध्ये आला, २००६ पासून दहाएक वर्षं टीम खांद्यावर वाहिली. निवृत्त झाला तेव्हा पासिंगचे ३४,१८३ यार्ड्स, तोवरच्या काऊबॉईजच्या कुठल्याही क्वार्टरबॅकपेक्षा जास्त. पण प्लेऑफचे सहा सामने, त्यातले दोन जिंकले, चार हरले. जानेवारी २००७ मध्ये सिॲटलला तर अगदी सोप्या किकसाठी चेंडू धरताना त्याच्या हातून निसटला आणि सामना २१-२० असा गेला. "ट्रॉफी नाही, तर नाव नाही", हा विरोधकांचा युक्तिवाद.

बॉस, मग मेरेडिथला खाली उतरवा! तोही ट्रॉफीशिवायच गेला होता. मेरेडिथ हरला तो संस्थापक पिढीतला म्हणून हृद्य, आणि रोमो हरला तो पाच ट्रॉफ्या आधीच कपाटात असताना म्हणून नालायक? दोघांच्या मधल्या काळात टीम नाही बदलली, अपेक्षा बदलल्या. ह्याच कारणाने डॅनी व्हाईटही मागे राहिला. १९८०, ८१ आणि ८२ असे सलग तीन सीझन त्याने टीमला सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे नेलं, आणि तिन्ही वेळा तिथेच हरला. वर वॉल्सचा जो फोटो सांगितला तो सामना त्यातलाच.

आणि सगळ्यात गाजलेलं भांडण म्हणजे जिमी जॉन्सन. हा कोच. तो आणि जेरी जोन्स कॉलेजात एकाच टीममध्ये खेळलेले, १९६४ च्या अर्कान्सासच्या विजेत्या टीममध्ये. १९८९ मध्ये जोन्सने टीम विकत घेतल्या घेतल्या २९ वर्षं कोच असलेल्या टॉम लँड्रीला काढलं आणि जिमीला आणलं. पहिल्या सीझनमध्ये सोळापैकी एक सामना जिंकले. एकच! त्याच सीझनच्या मध्यात टीमचा सगळ्यात मोठा स्टार हर्शेल वॉकर मिनेसोटाला देऊन टाकला आणि बदल्यात भविष्यातले ड्राफ्टचे हक्क गोळा केले. लोकांनी वेड्यात काढलं. त्याच हक्कांच्या देवघेवीतून पुढे एमिट स्मिथ आला, डॅरेन वूडसन आला. १९९३ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकलं ५२-१७, आणि १९९४ च्या जानेवारीत पुन्हा, ३०-१३.

आणि दोनच महिन्यांत, मार्च १९९४ मध्ये, दोघे वेगळे झाले. मुद्दा काय होता? श्रेय. ही टीम घडवली कोणी, मालकाने की कोचने? एवढंच. १९९६ च्या जानेवारीत बॅरी स्विट्झरच्या हाताखाली टीम आणखी एक सुपर बोल जिंकली, पण त्यातले बहुतेक मोहरे जिमीच्याच काळातले. त्यानंतरचा सगळा दुष्काळ तुम्हाला माहीत आहे, नसेल तर कुठल्याही डॅलसकराला विचारा, पण हातात वेळ ठेवून.

लँड्रीचं नाव जोन्सने १९९३ मध्येच लावलं होतं, ज्याला त्याने स्वतः काढलं होतं त्याचं. जिमीचं मात्र नाही. २०२० च्या यादीत जिमी राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे अख्ख्या देशाने मान्य केलं, घरच्या भिंतीवर मात्र जागा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये टीव्हीवर सगळ्यांसमोर जोन्सने कबूल केलं की जिमीचं नाव लागेल. जिमीने हसत विचारलं, मी जिवंत असताना का? श्रॅमची गोष्ट माहीत असेल तर ह्या विनोदावर नीट हसू येत नाही. शेवटी ३० डिसेंबर २०२३ ला नाव लागलं. एकोणतीस वर्षांनी.

ह्या सगळ्यातून मी माझ्यापुरती एक टेस्ट काढली आहे. ट्रॉफ्या, यार्ड्स, चारित्र्य, सगळं बाजूला ठेवा. त्या माणसाचं नाव डिलीट करा आणि टीमचा इतिहास पुन्हा वाचा. गोष्ट नीट लागते का? लागत असेल तर तो चांगला खेळाडू होता, टाळ्या वाजवा आणि पुढे चला. गोष्ट मध्येच तुटत असेल, 'हे असं कसं झालं?' असा प्रश्न पडत असेल, तर त्याचं नाव भिंतीवर हवं. जिमीशिवाय नव्वदच्या दशकाचा अर्थच लागत नाही. मार्टिनशिवाय १९७७ चा लागत नाही. आणि रोमोशिवाय २००६ ते २०१५ ह्या दहा वर्षांत फक्त रिकामी पानं उरतात. हरलेली वर्षंसुद्धा टीमचीच वर्षं असतात की. वॉल्सबद्दल माझा मित्र म्हणतो की तो माझ्या टेस्टमध्ये जेमतेम पास होतो. मी म्हणतो, तो फोटो डिलीट करून दाखव.

तुमची टेस्ट वेगळी असेल. असू दे. पण एक टेस्ट असावी, आणि ती किल्लीवाल्याच्या मूडपेक्षा वेगळी असावी.

आता शेवटी म्हणालो होतो ते. तीन वर्षांपूर्वी आमचं एक मोठं रिलीज लाईव्ह गेलं. पार्टी, केक, आणि एक प्रेझेंटेशन. त्यातली 'ज्यांनी हे घडवलं' अशी नावांची शेवटची स्लाईड मी बनवली होती. पहिलं नाव मी टाकलं होतं आमच्या जुन्या लीडचं. त्या सिस्टीमचा अर्धा सांगाडा त्याच्या डोक्यातून आलेला, आणि मला एसक्यूएलपासून सगळं शिकवलं ते त्यानेच. पण तो मॅनेजरशी वाजवून सहा महिने आधी सोडून गेला होता. मॅनेजरने स्लाईड बघितली आणि म्हणाले, "तो आता इथे नाही ना, मग कशाला?" आवाजही चढवला नाही त्यांनी. मी "ओके" म्हणालो आणि ती ओळ डिलीट केली. एक की दाबली, बस्स. खालची सगळी नावं एकेक जागा वर सरकली, आणि चौथ्या नंबरवरचं माझं नाव तिसरं झालं.

जेरी जोन्सला शिव्या घालणं सोपं आहे. मी तर मालकही नव्हतो, नुसता स्लाईड बनवणारा होतो.

मागच्या रविवारी मी त्या लीडला एक लांबलचक मेल लिहिली, सगळं सांगितलं, आणि पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही. नाही आलं तरी त्याची चूक नाही. जोन्सला एकोणतीस वर्षं लागली, मला तीन. पण जोन्सने निदान भर स्टेडियममध्ये चूक सुधारली. माझी ती स्लाईड कंपनीच्या शेअर्ड ड्राईव्हवर अजून तशीच आहे.

उद्या सोमवार आहे. ॲक्सेस अजून माझ्याकडे आहे का ते बघतो.